काशी पहिल्यांदा पाहताना: असीपासून ब्रह्माघाटापर्यंत पायी

‘काशीस जावे नित्य वदावे’ असं आपल्याकडे म्हणतात, कारण एके काळी बहुतेकांच्या नशिबी ते वदणंच होतं. आता मुंबईहून महानगरी किंवा कामायनी एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी माणूस गंगेकाठी असतो. अडचण तिथून पुढे सुरू होते. स्टेशनबाहेर पाय ठेवताच ‘सगळे पॉइंट’ एका दिवसात दाखवणारे भेटतात. अशा फेरीत सात-आठ देवळांच्या रांगा होतात, एका साडीच्या दुकानात तासभर जातो आणि शहर बघायचं राहून जातं. हे शहर रस्त्यावरून कळत नाही. त्याने तोंड नदीकडे केलंय, रस्त्याकडे त्याची पाठ आहे. म्हणून पुढची सगळी आखणी नदीच्या हिशेबाने केली आहे. तीन पूर्ण दिवस हाताशी धरा. दोनच असतील तर गंगेपलीकडचा रामनगरचा किल्ला सोडा, घाटांवरची चाल सोडू नका.

आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य आणि फेब्रुवारी-मार्च हा चांगला काळ. डिसेंबर संपता संपता धुकं उतरतं. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, विमानं रद्द होतात आणि पहाटेच्या नावेतून समोरचा घाटही दिसत नाही. थंडी मात्र कडाक्याची असते. मुंबई-कोकणातल्या माणसाने स्वेटरवर भागेल असं समजू नये, कानटोपीसुद्धा घ्यावी. मे-जूनमध्ये पारा ४० च्या बराच वर जातो आणि घाटाचे दगड दुपारी पाऊल टेकू देत नाहीत.

पावसाळ्याचं नीट समजून घ्या. जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत गंगा चढते, तेव्हा घाटाघाटांना जोडणारी वाट पाण्याखाली जाते, नावा बंद होतात आणि दशाश्वमेध घाटावरची रोजची गंगा आरती वर सरकते. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे ढीग राहतात. ते पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन काढायचं काम पुढे कितीतरी दिवस चालतं. श्रावणात दर्शनाला जाणारे जातातच, पण ज्यांना घाट बघायचेत त्यांनी या दिवसांत जाऊ नये.

कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी बघण्यासारखी असते, त्या रात्री सगळे घाट पणत्यांनी उजळतात. पण खोल्या आणि नावांचे दर तेव्हा कित्येक पट होतात आणि गल्ल्यांत पाऊल टाकायला जागा नसते. पहिल्याच खेपेला देवदिवाळी धरू नये, असं मी सांगेन. पौर्णिमेच्या आधीचा आठवडा घ्या. कार्तिकाचे आकाशदिवे तेव्हाही असतात, गर्दी सोसवेल इतकी असते.

वारही बघून ठेवा. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, बनारस हिंदू विद्यापीठातलं भारत कला भवन रविवारी. विश्वनाथाला सोमवारी सर्वांत मोठी रांग.

कुठे उतरायचं, कुठे राहायचं

तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘वाराणसी जंक्शन’ला गावात सगळे कॅन्ट म्हणतात. ‘बनारस’ हे पूर्वीचं मंडुवाडीह, २०२१ मध्ये नाव बदललेलं. ‘काशी’ हे राजघाटाच्या पुलाजवळचं छोटं स्टेशन. आणि ‘पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन’ म्हणजे मुघलसराय, ते गंगेपलीकडे. तिथून गावात यायला गर्दीच्या वेळी तासाहून अधिक लागतो. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर.

मुक्कामाचे पर्याय ढोबळमानाने तीन. कॅन्टजवळ हॉटेलं ऐसपैस आणि गाडी दारापर्यंत येते, पण रोज घाटावर जायला रिक्षाची कटकट. दशाश्वमेध-गोदौलिया भागात विश्वनाथ पायी अंतरावर, मात्र गल्ल्या अरुंद आणि गोदौलिया चौकाच्या पुढे बहुतेक वेळा वाहन सोडत नाहीत. सामान उचलून चालायची तयारी ठेवा. असी दक्षिण टोकाला, मोकळा, खाण्याची सोय चांगली, रिक्षा जवळ येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असी धरावा. सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर खोली घेण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारा: गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती? ‘गंगा व्ह्यू’ खोलीचा अर्थ पुष्कळदा तीन जिने असा असतो.

पहिली संध्याकाळ: आरती

पोचल्या दिवशी देवळांच्या मागे लागू नका. आंघोळ करा, थोडं झोपा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी दशाश्वमेध गाठा. आरती रोज असते, हिवाळ्यात सहाच्या आसपास, उन्हाळ्यात सातच्या. पायऱ्यांवर बसून बघता येते, नावेतूनही. नावेतून समोरचं दृश्य मिळतं, पण नावा एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि आरती संपल्यावर त्या सुटायला वेळ लागतो. पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत. पुढच्या गादीवर बसवतो म्हणून कोणी पैसे मागितले तर मान हलवून पुढे जा. गर्दी नको असेल तर असीवरही संध्याकाळी आरती होते. तिथला थाट लहान, पण वारा लागतो.

नाव ठरवताना बसायच्या आधी चार गोष्टी बोलून घ्या: पैसे माणशी की अख्ख्या नावेचे, कुठून कुठपर्यंत, किती वेळ, आणि परत आणून सोडणार की तिथेच उतरवणार. ‘जो समझ में आए दे देना’ म्हणणाऱ्याच्या नावेत बसू नका. शेवटी सर्वांत जास्त तोच मागतो. वल्ह्याची नाव मिळाली तर तीच घ्या. मोटारीच्या नावेत घाट भराभर मागे पडतात आणि इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

दुसरी पहाट: घाटांवरची चाल

या सगळ्या आखणीतलं हेच मुख्य काम. गंगा इथे उत्तरवाहिनी होते आणि शहर पश्चिम काठावर वसलंय. त्यामुळे सगळे घाट पूर्वेला तोंड करून आहेत आणि पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. पलीकडचा काठ म्हणजे नुसती वाळू. असीवरून निघून उत्तरेकडे चालायचं, नदी कायम उजव्या हाताला. चुकायची सोयच नाही. घाट चौऱ्याऐंशी मोजतात, पण नावं पाठ करत बसू नका. भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात.

उजाडायच्या आधी असीवर या. २०१४ पासून इथे ‘सुबह-ए-बनारस’ चालतं. आरती, मंत्रपठण आणि मग शास्त्रीय गाणं किंवा वादन. सूर्य वर आला की चहा घेऊन निघा. चांगल्या पकडीच्या चपला घाला, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं.

लगेच तुलसीघाट लागतो. गोस्वामी तुलसीदासांचं वास्तव्य इथलं. शेजारी कुस्तीचा आखाडा आहे, सकाळी गेलात तर लाल मातीत पोरं जोर काढताना दिसतील. पुढे भदैनी. घाटावर पाणी उपसणारा अवाढव्य मनोरा आहे, त्याला बघून नाक मुरडायच्या आधी वर गल्लीत जा. झाशीच्या राणीचं जन्मस्थान इथलं, आता तिथे स्मारक आहे. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा काशीत येऊन राहिले होते आणि मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते. म्हणून ही मनकर्णिका काशीची.

चेतसिंह घाटावरचा किल्ला पाण्यातूनच उगवल्यासारखा वाटतो. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला इथे कैद केलं, तेव्हा राजा खिडकीतून पगड्यांचा दोर सोडून उतरला आणि नावेने निसटला. हरिश्चंद्र घाटावर चिता जळत असतात. वाट तिथूनच जाते, थांबू नका, कॅमेरा बाहेर काढू नका. केदार घाटाचे लाल-पांढरे पट्टे लांबूनच ओळखू येतात. हा भाग दाक्षिणात्यांचा, देऊळही त्याच वळणाचं. पुढच्या नारद घाटावर नवरा-बायकोने एकत्र स्नान केलं तर भांडणं होतात अशी समजूत आहे. त्यामुळे हा घाट बहुधा रिकामा सापडतो, बसून पाणी प्यायला उत्तम.

इथून मराठी नावं दाटायला लागतात. राजाघाटाशी राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचं नाव जोडलेलं आहे. थोडं पुढे दरभंगा महालाची उंच भिंत येते. तिला लागूनचा मुन्शीघाट बांधला नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी, १८१२ मध्ये. मग अहिल्याबाईंच्या नावाचाच घाट, आणि लगेच दशाश्वमेध. तोही नानासाहेब पेशव्यांच्या काळात पक्का बांधला गेला आणि नंतर अहिल्याबाईंनी पुन्हा बांधून काढला. मराठ्यांना काशी राज्यात मिळवता आली नाही, पण तिचा नदीकडचा चेहरा घडवण्यात त्यांचा पैसा किती ओतला गेला, हे नकाशात कळत नाही, इथे चालताना कळतं.

असीपासून इथवर साधारण तीन किलोमीटर झाले. दम लागला असेल तर शेजारच्या मानमंदिर घाटावर वर चढा. राजा मानसिंहाच्या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, जयपूरच्या जंतरमंतरची धाकटी बहीण. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. यंत्रांपेक्षाही कोरीव दगडी सज्जातून खाली दिसणारी नदी लक्षात राहते.

पुढे ललिता घाटावर विश्वनाथ धामाचं, म्हणजे मंदिराच्या नव्या आवाराचं, नदीकडचं प्रवेशद्वार आहे आणि जवळच लाकडी कोरीवकामाचं नेपाळी मंदिर. धामाच्या नादात ते निसटतं. नंतर मणिकर्णिका. इथे दिवसरात्र चितांचा अग्नी विझत नाही. काही वर्षांपासून इथे बांधकामाची उलथापालथ चालू आहे, तेव्हा वाट बंद दिसली तर गल्लीतून वळसा घ्या. ‘वरच्या मजल्यावरून चांगलं दिसेल’ म्हणून कोणी हात धरून नेऊ पाहतं आणि मग गरिबांच्या सरणाच्या लाकडासाठी दान मागतं, तेही किलोच्या हिशेबाने. नमस्कार करून चालू लागा. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्यात आपण पाहुणे म्हणून घुसू नये, एवढं भान ठेवलं की पुरे.

मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला. बांधकामाचं ओझं काठाच्या मातीला पेललं नाही आणि तो खचला, पुढे पुन्हा बांधावा लागला. शेजारी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ स्पष्ट कललेलं दिसतं आणि वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. मग नागपूरकरांचा भोसले घाट. आणि पंचगंगा.

पंचगंगेवर घाई करू नका. रामानंदांचा पाय पहाटेच्या अंधारात कबीरावर पडला ती कथा इथल्या पायऱ्यांची. वर औरंगजेबाच्या काळातली मशीद उभी आहे, बिंदुमाधवाच्या जुन्या मंदिराच्या जागी. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ त्याच्या जवळच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेलं, बाहेरून घरासारखं दिसणारं. कार्तिकात इथे उंच बांबूंवर टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात आणि दगडी हजारा दीपस्तंभ उजळतो. एकनाथ महाराजांनी भागवतावरची आपली टीका १५७३ मध्ये याच काशीत पूर्ण केली. पैठणच्या भट घराण्यातले गागाभट्ट इथूनच १६७४ मध्ये रायगडावर आले.

लागूनच दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षितांचं नाव या घाटांशी जोडलेलं आहे आणि वरची वस्ती पिढीजात मराठी माणसांची. गल्लीत पाट्या वाचत चला, आडनावं ओळखीची दिसतील. भाद्रपदात आलात तर इथला शंभरी ओलांडलेला गणेशोत्सव बघा. कोणी भेटलं तर मराठीतच बोला. उत्तर मराठीत येईल, लहेजा मात्र बनारसी असेल.

इथे चाल संपवा आणि वर चढून काळभैरव गाठा, दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तो काशीचा कोतवाल, त्याला न भेटता यात्रा पुरी होत नाही असं मानतात. तिथून जवळच्या मैदागिन चौकात रिक्षा मिळते.

विश्वनाथ: दर्शनाची पद्धत

१६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने जुनं मंदिर पाडलं गेलं. शंभरावर वर्षांनी, १७८० मध्ये, अहिल्याबाईंनी आजचं मंदिर उभं केलं. शिखरांवरचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. भोवतालचं प्रशस्त आवार डिसेंबर २०२१ मध्ये खुलं झालं. मूळ देऊळ आकाराने लहान आहे, हे आधीच मनात धरा. एवढ्या मोठ्या आवारात ते शोधावं लागतं.

मोबाइल, बॅग, पेन, चामड्याचा पट्टा, स्मार्ट घड्याळ, सगळं मुक्कामी ठेवून जा. सोबत थोडे पैसे आणि ओळखपत्र पुरे. बाहेरची दुकानं लॉकर ‘फुकट’ देतात, पण प्रसादाची टोपली त्यांचीच घ्यावी लागते. आपण आधी दर विचारावा. पहाटेची मंगला आरती किंवा सशुल्क ‘सुगम दर्शन’ हवं असेल तर मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरच नोंदणी करा. ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. सोमवार आणि सणवार सोडून पहाटे किंवा रात्री उशिरा गेलात तर सुगम दर्शनाचीही गरज पडत नाही. प्रथा अशी की आधी धुंडिराज गणपती, मग विश्वनाथ, मग अन्नपूर्णा. तिघेही एकमेकांपासून चार पावलांवर. बाहेर पडलात की विश्वनाथ गल्लीत दहा मिनिटं उगाच भटका.

तिसरा दिवस: सारनाथ

शहरापासून साधारण दहा किलोमीटर. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, थांबायचा वेळ धरून. अर्धा दिवस पुरतो, आणि दोन दिवसांच्या कोलाहलानंतर इथली हिरवळ बरी वाटते.

आधी संग्रहालय, मग अवशेष. सिंहशीर्ष बघायला बहुतेक लोक दोन मिनिटं थांबतात आणि निघतात. दगडाची झिलई बघा, बाविसशे वर्षं उलटूनही ती तशीच आहे. चहूबाजूंनी फिरलं की चौथा सिंह भेटतो, जो नोटेवरच्या राजमुद्रेत कधी दिसत नाही. बाहेर अशोकस्तंभाचे तुकडे मूळ जागी ठेवलेत. धामेक स्तूपाची नक्षी अर्धीच राहिली आहे, त्यामुळे कारागीर कुठवर आले होते ते दिसतं. जवळचं रिकामं वर्तुळ म्हणजे धर्मराजिका स्तूपाचा पाया. १७९४ मध्ये बनारसच्या बाबू जगतसिंहाने बांधकामाच्या विटांसाठी तो उपसला. आतला अस्थिकलश सापडला, तेव्हा अस्थी गंगेत सोडून दिल्या गेल्या. त्याच्याच नावाचं जगतगंज शहरात आजही आहे, आणि रिक्षा बहुधा तिथूनच नेते.

मूलगंधकुटी विहार १९३१ चा. आतल्या भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांनी बुद्धचरित्र रंगवलंय. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूहून परतताना बाबासाहेब आंबेडकर सारनाथला येऊन गेले, महापरिनिर्वाणाच्या अगदी थोडे दिवस आधी. त्यामुळे इथे मराठी कानावर पडलं तर नवल वाटू नये.

दुपार उरली तर परतीच्या वाटेवर कॅन्टजवळचं भारतमाता मंदिर करा. मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. महात्मा गांधींनी १९३६ मध्ये उद्घाटन केलं. सह्याद्री शोधायला मुलांना सांगा. रामनगरचा किल्ला गंगेपलीकडे, संग्रहालय धुळीने भरलेलं, गच्चीवरून नदी छान. आश्विनातली महिनाभराची रामलीला चालू असेल तरच मुद्दाम जावं.

खाणं

सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी. दहाच्या आत खा, नंतर कढई गार होते. दुपारी हलकं घ्या. संध्याकाळी टमाटर चाट, ही दुसरीकडे अशी मिळत नाही. हिवाळ्यात मलइयो शोधा, दुधाचा केशरी फेस, सकाळीच मिळतो आणि ऊन चढलं की संपतो. ‘चौक’ नावाच्या भागाजवळ ठठेरी बाजारात फिरलात तर मिठाईही होईल आणि तांब्या-पितळेची दुकानंही. लस्सी कुल्हडमध्ये. ठंडाई मागताना ‘बिना भांग’ असं स्पष्ट म्हणा. इथे भांग उघड विकली जाते आणि नवख्याची संध्याकाळ वाया जाते. पान खायचंच असेल तर मगही.

साडी, गडू आणि दक्षिणा

रिक्षावाला नेईल त्या दुकानात साडी घेऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. उलट बाजू बघा. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टा वेगळा विणलेला असतो आणि मागे लोंबते धागे नसतात. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून सर्रास विकतात, तेव्हा हातमागाचं चिन्ह बघा. मदनपुऱ्यात विणकरांची घरं आणि साड्यांच्या पेढ्या आहेत, तिथे वेळ काढून जावं.

श्राद्ध किंवा पिंडदान करायचं असेल तर घरच्या मोठ्यांना आधी विचारून घ्या, कदाचित घराण्याचे तीर्थोपाध्याय ठरलेले असतील. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की जुन्या वहीतली नोंद निघू शकते. दक्षिणा आणि साहित्याचा खर्च विधीला बसायच्या आधी ठरवा. संकल्प सोडताना आकडे वाढतात.

घरी मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, घालायचं म्हणजे गंगेचा गडू हवाच. विश्वनाथ गल्लीत तांब्याचे सीलबंद गडू मिळतात. सील डाक लावून केलेलं असतं, तेव्हा उलटा धरून गळतो का ते दुकानातच बघा. विमानाने परतत असाल तर गडू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. रेल्वेने येणाऱ्यांनी तो बर्थखाली आडवा ठेवू नये.